वाहनतळाची निवड, कामाच्या ठिकाणची

नोकरी-व्यवसायासाठी रोज स्वतःचे वाहन घेऊन जाणाऱ्याला ते दिवसभर कोठे उभे करायचे हे ठरवावे लागते. भाडे, चालण्याचे अंतर, जागा शोधण्यात जाणारा वेळ, दंडाची शक्यता आणि वाहनाची सुरक्षितता यांचा हिशेब त्यात येतो. बाजारात किंवा नाट्यगृहाजवळ गाडी लावण्यापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. कामावर जाणाऱ्याची गाडी आठ-नऊ तास जागची हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेथेच येते. या दोन गोष्टींमुळे एरवीचे ठोकताळे येथे उलटे पडतात.

जागेची किंमत. मोटार उभी करायला लागणारी जागा म्हणजे केवळ आखलेला चौकोन नव्हे. आत येण्याजाण्याचा व वळण्याचा मार्गही त्यात धरावा लागतो. भारतीय नगररचनेत एका मोटारीमागे उघड्या मैदानावर सुमारे २३ चौ. मी. आणि तळघरात सुमारे ३२ चौ. मी. जागा धरण्याचा प्रघात आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून एका कुटुंबाला मिळणारे घर २७.८८ चौ. मी. (३०० चौ. फूट) चटईक्षेत्राचे असते. म्हणजे तळघरातली एक मोटार एका कुटुंबापेक्षा जास्त जागा अडवते, आणि तीही बहुधा कुटुंबाच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत. वाहनतळाचे शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटले आहे. शहरांनी ते कागदावरच ठेवले. रस्त्याच्या कडेची जागा फुकट किंवा नाममात्र दरात मिळत राहिली, आणि त्यामुळे पैसे घेणारा वाहनतळ महाग वाटू लागला. वास्तविक महाग काय आणि स्वस्त काय, हे रस्ता फुकट असेपर्यंत ठरवताच येत नाही.

अंतर आणि तास. निवडीचा गाभा एका साध्या गणितात आहे. समजा, कार्यालयाच्या दारातल्या वाहनतळाचा दर तासाला ४० रुपये आहे आणि ६०० मीटरवरच्या वाहनतळाचा २० रुपये. नऊ तासांचे अनुक्रमे ३६० व १८० रुपये होतात. लांबची जागा घेतली तर जाऊन-येऊन १,२०० मीटर, म्हणजे सुमारे १५ मिनिटे चालावे लागते आणि १८० रुपये वाचतात. चालण्याच्या एका तासाला ही ७२० रुपयांची कमाई झाली. त्याच इमारतीत तासाभराच्या बैठकीसाठी आलेल्या पाहुण्याने तेवढीच पायपीट केली, तर त्याचे वाचतात फक्त २० रुपये, तासाला ८०. चालणे दोघांनाही सारखेच, पण भाडे तासांप्रमाणे वाढत जाते. म्हणून दिवसभर थांबणाऱ्याने लांब जावे आणि थोडा वेळ थांबणाऱ्याने दारात उभे राहावे, हे दोघांच्याही फायद्याचे असते. भारतीय शहरांत नेमके याच्या उलट घडते. सकाळी नऊला येणारा कर्मचारी किंवा दुकानमालक दारातली जागा धरतो आणि अकराला येणारे गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत हिंडत बसते.

गाडीत माणसे किती, यावरही उत्तर बदलते. चौघे मिळून आले तर लांबच्या वाहनतळामुळे प्रत्येकाचे ४५ रुपये वाचतात, चालावे मात्र प्रत्येकाला १५ मिनिटेच लागते. भाडे वाटून घेता येते, पायपीट वाटून घेता येत नाही. त्यामुळे एकत्र प्रवास करणाऱ्यांना जवळची महाग जागा परवडते आणि एकट्याने मोटार चालवणाऱ्याला ती सर्वांत कमी परवडते. या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील नगरनियोजनतज्ज्ञ डोनाल्ड शूप (मृत्यू २०२५) यांनी ही मांडणी विस्ताराने केली. फुकट पार्किंगची किंमत मोजणारा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००५ साली निघाला.

अनिश्चितता. वरच्या गणितात एक गोष्ट सुटते, आणि व्यवहारात तीच सर्वांत जड ठरते. फुकटच्या जागेसाठी सरासरी पाच मिनिटे फिरावे लागत असेल, पण महिन्यातून दोन-तीनदा पंचवीस, तर हजेरीची वेळ काटेकोर असलेला माणूस रोजच वीस मिनिटे आधी निघतो. ज्या दिवशी जागा लगेच मिळते त्या दिवशीही ती वीस मिनिटे गेलेलीच असतात. पैसे देऊन घेतलेली राखीव जागा जवळ असते म्हणून मोलाची, असा समज आहे. प्रत्यक्षात ती खात्रीची असते म्हणून मोलाची. रुग्णालयातली परिचारिका, शाळेतले शिक्षक, न्यायालयात पुकारा होण्यापूर्वी पोचायलाच हवे असे वकील यांना खात्रीसाठी जास्त पैसे मोजणे परवडते. कामाच्या वेळा सैल असणाऱ्याला तेवढे मोजण्याचे कारण नाही.

मुंबई परिसरातील रेल्वे स्थानकांबाहेरच्या दुचाकी वाहनतळांवर हे रोज दिसते. डोंबिवली, कल्याण, बदलापूर या भागांतून येणाऱ्यांसाठी ‘कामाजवळचे पार्किंग’ खरे तर घराजवळच्या स्थानकापाशी असते. पुढचा प्रवास लोकलचा. ठरलेली गाडी चुकली की पुढचा सगळा दिवस सरकतो, म्हणून स्थानकाला लागून असलेल्या ठेकेदाराच्या वाहनतळाचा मासिक पास काढला जातो. गर्दीत दुचाक्या दाटीवाटीने लावाव्या लागतात आणि मागच्याची काढायची तर पुढच्या दोन सरकवाव्या लागतात. त्यासाठी काही ठिकाणी ‘हँडल लॉक करू नये’ अशी सूचना असते. सोयीसाठी पैसे भरून सुरक्षितता थोडी सोडावी लागण्याचा हा अस्सल स्थानिक नमुना आहे.

फुकट जागा आणि तिचा धोका. रस्त्यावरच्या जागेला भाडे लावण्याची सुरुवातच कामावर येणाऱ्यांमुळे झाली. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या मध्यवस्तीत तेथे काम करणारेच सकाळपासून दुकानांसमोर मोटारी लावून ठेवत आणि ग्राहकाला जागा उरत नसे. वृत्तपत्र संपादक कार्ल मगी यांच्या पुढाकाराने १६ जुलै १९३५ रोजी तेथे जगातला पहिला पार्किंग मीटर बसला. दर तासाला पाच सेंट. पुढे १९५४ साली अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी (नोबेल, १९९६) यांनी मागणीप्रमाणे दर कमी-जास्त करून थोडी जागा नेहमी रिकामी राहील असे पाहावे, असे सुचवले. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ पासून ते मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. गजबजलेल्या पट्ट्यांत दर चढले, ओस पट्ट्यांत उतरले. दोन गल्ल्या पलीकडे चालत जाणाऱ्याला सवलत मिळावी, हे तत्त्व तेथे पाटीवरच्या दरात उतरले.

पुण्यात ही पाटी दराची नसते, तारखेची असते. रस्त्याच्या एका बाजूला ‘पी १’, दुसऱ्या बाजूला ‘पी २’; सम तारखेला एकीकडे, विषमला दुसरीकडे. चुकीच्या बाजूला लावलेली गाडी टोइंगवाले उचलतात आणि मालकाला दंड भरून ती सोडवून आणावी लागते. रस्त्यावर शुल्क आकारण्याचे धोरण महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केले. अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. या शहरातील फुकट पार्किंगचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे मुठेचे नदीपात्र. डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत काम असणारे भिडे पुलाजवळच्या पात्रात गाड्या लावतात. जागा मुबलक, पावती नाही, पाच-सात मिनिटे चालले की लक्ष्मी रस्ता. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातील वाहने हलवण्याच्या सूचना दिल्या जातात, आणि तरीही काही मोटारी पाण्यात सापडतात. पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न झाल्यास होणाऱ्या नुकसानीची भरपाई साध्या सर्वंकष विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. ज्याचे काम चार भिंतींआड आहे आणि बाहेर पाऊस किती पडतो हे ज्याला कळत नाही, त्याने जुलै-ऑगस्टमध्ये पात्र टाळलेले बरे. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पावसात (सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी) तळघरातल्या मोटारींचीही हीच गत झाली. तेव्हा पैसे भरलेली जागा म्हणजे सुरक्षित जागा, असेही समीकरण नाही.

दंडाचा हिशेब बहुतेक जण संभाव्यतेने करतात, तोंडाने ‘नशीब’ म्हणत असले तरी. मुंबईचे उदाहरण घ्या. तेथे विकासकांना वाढीव चटईक्षेत्र देऊन त्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळ बांधून घेण्यात आले. जागा कोठे हवी यापेक्षा भूखंड कोठे आहे यावर त्यांची ठिकाणे ठरली, असा आक्षेप घेतला गेला. यांतील बरेच वाहनतळ रिकामे आणि लगतचे रस्ते भरलेले, अशी स्थिती होती. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने अशा वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या चारचाकीस १०,००० रुपये दंड लावला. तो पुढे कमी करण्यात आला. वाहनतळ टाळून रस्त्यावर गाडी लावून दिवसाला १८० रुपये वाचवणाऱ्याला १०,००० रुपयांचा दंड साधारण ५५ कामाच्या दिवसांत एकदा झाला तर बचत शून्यावर येते. त्यापेक्षा क्वचित पकडले जाण्याची खात्री असेल, तर दंड मोठा दिसला तरी रस्ता भरलेलाच राहणार. दंडाच्या रकमेपेक्षा कारवाईचे सातत्य महत्त्वाचे, हे वाहतूक पोलिसांना चांगले माहीत आहे. त्यांच्याकडे माणसे कमी असतात एवढेच.

मासिक पास. पासमुळे रोजचा दर उतरतो, पण त्याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच गेले की त्यानंतर गाडी आणणे ‘फुकट’ होते, आणि बसने किंवा मेट्रोने जाण्याचा दिवस उगाच खर्चाचा वाटू लागतो. पास ३,००० रुपयांचा आणि सुटे दिवसाचे १८० रुपये असतील, तर महिन्यात किमान १७ दिवस गाडी आणली तरच पास परवडतो. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जाणाऱ्याचे जेमतेम १३ दिवस भरतात; त्याला सुटे २,३४० रुपये पुरतात. करोनानंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली, तरी जुन्या सवयीने पास काढत राहणारे पुष्कळ आहेत.

मालकाची भूमिका. कर्मचाऱ्याला जागा कंपनीकडून फुकट मिळत असेल, तर निवड त्याच्या हातात उरतच नाही. दारातली जागा सोडून बसने येणारा त्या सवलतीला मुकतो, बदल्यात काही मिळत नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ च्या कायद्याने भाड्याने घेतलेली जागा देणाऱ्या ठरावीक मालकांवर, जागा नको असणाऱ्याला तेवढी रक्कम रोख देण्याचे बंधन घातले. शूप यांनी अशा आठ मालकांची पाहणी केली, तेव्हा एकट्याने मोटार चालवत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमने दुसरी वाट धरली. तेथे २०१२ पासून ११ किंवा अधिक जागा पुरवणाऱ्या मालकाला प्रत्येक जागेमागे वार्षिक कर भरावा लागतो, आणि ते पैसे ट्रामसारख्या सार्वजनिक वाहतुकीकडे जातात. महाराष्ट्रात यांपैकी काहीच नाही. कंपनीची बस आणि कंपनीचे पार्किंग दोन्ही फुकट असतील, तर बस रिकामी का धावते याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

सुरक्षितता व जबाबदारी. रात्रपाळीतून सुटणाऱ्याला, विशेषतः स्त्रियांना, ६०० मीटरचा अंधारा रस्ता १८० रुपयांच्या बचतीने भरून निघत नाही. वरचे सगळे गणित दिवसाउजेडीचे आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते, त्यामुळे अशा पाळीसाठी स्वतःचे वाहन नेण्यापूर्वी ही सोय मागून पाहावी.

वाहनतळावरील ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ या पाटीने वाहनतळ चालवणाऱ्याची जबाबदारी प्रत्येक वेळी संपत नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या नोकराने किल्ली घेऊन लावलेली मोटार १९९८ मध्ये चोरीला गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, वाहन ताब्यात घेतल्यावर ते सांभाळण्यात हयगय झाली तर केवळ पाटी लावून हॉटेलला सुटता येणार नाही. किल्ली स्वतःजवळ ठेवून पावती घेतली असेल, तर वाहन ताब्यात कोणाच्या होते हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून जेथे पावतीवर वाहनाचा क्रमांक आणि वेळ लिहून मिळते अशी जागा, दोन-पाच रुपये जास्त पडले तरी, निवडलेली बरी. पावती न देता पैसे घेणाऱ्याकडे तक्रार घेऊन जाताना हातात दाखवायला काही नसते.