प्रताधिकारत्याग
कर्त्याने आपल्या कृतीवरील प्रताधिकार स्वेच्छेने सोडून ती सर्वांस खुली करण्याची विधियुक्त क्रिया. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या कलम २१ अन्वये कर्त्यास आपले सर्व अथवा काही हक्क, प्रताधिकार निबंधकाकडे विहित नमुन्यात नोटीस देऊन किंवा, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जाहीर नोटिशीने सोडता येतात. मात्र त्या तारखेस इतरांकडे असलेले हक्क अबाधित राहतात. जर्मनीसारख्या देशांत असा संपूर्ण त्याग कायद्यास मान्य नसल्याने, क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘सीसी झीरो’ दस्तऐवजात प्रथम निरपवाद त्याग आणि तो असिद्ध ठरल्यास सर्वांस विनामोबदला, विनाशर्त व अपरिवर्तनीय परवाना, अशी दुपेडी शब्दयोजना केलेली आहे. तीच त्याची खरी महत्ता होय, कारण औदार्याने लिहिलेले एखादे मोघम वाक्य वारसांच्या दाव्यापुढे टिकेलच असे नाही.