एका तणाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी व लढाया आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या उपटून बांधावर फेकलेल्या वनस्पतीलाही इतिहास असतो. उत्तर अमेरिकेंतील मिल्कवीड हें असेंच एक तण होय. मारुतीला जिचीं पानें आपण वाहतों, ती रुई त्याच कुळांतली. पान तोडतांच दोहोंतूनही पांढरा चीक वाहतो, आणि फळ उकललें कीं रेशमासारख्या कापसाला लटकलेलें बीं वाऱ्यावर उडूं लागतें.

मिल्कवीडच्या शास्त्रीय नांवाची कथा गमतीची आहे. कॉर्न्यूत नांवाच्या पॅरिसच्या वैद्यानें १६३५ सालीं कॅनडांतील वनस्पतींचें वर्णन करतांना त्याची नोंद केली होती. तथापि त्यानेंच गैरसमजानें त्याला सिरियाचें ठरविलें, आणि १७५३ सालीं लिनियसनें तेंच नांव कायम केलें. अशा रीतीनें एक ग्रीक वैद्यदेवता व एक परका देश यांचीं नांवें हें अमेरिकन तण आजतागायत वागवीत आहे.

त्याच्या फुलांतील पराग सुटे नसतात. त्यांच्या जोडपुरचुंड्या बनलेल्या असतात. मधासाठीं आलेल्या माशीचा पाय फुलांतील फटींत शिरला कीं पुरचुंडी पायाला अडकते व पुढील फुलांत पोंचते. लहान माशीला पाय सोडवितां न आल्यास प्राणासही मुकावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धांत या तणाचें भाग्य उघडलें. १९४२ सालीं जपाननें जावा बेट घेतलें, आणि जीवरक्षक जाकिटांत भरावयाचा तेथील कॅपोक, म्हणजे सावरीच्या जातीचा कापूस, मिळेनासा झाला. मिल्कवीडचा तंतु पोकळ व मेणचट असल्यामुळें पाण्यावर तरंगतो. शाळकरी मुलें रानोमाळ हिंडून शेंगा वेंचूं लागलीं; दोन पोत्यांत एक जीव वांचतो, असें त्यांस सांगण्यांत येई. मिशिगनमधील पिटॉस्की येथें त्यासाठीं कारखाना निघाला. युद्ध संपलें, आणि ही प्रतिष्ठाही संपली.

१९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारें सोयाबीन व पुढें तसाच मका आला, आणि शेतांतील मिल्कवीड फवारणीनें नाहींसें होत गेलें. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या या कुळांतील झाडांवांचून वाढत नाहींत. हिवाळ्यांत मेक्सिकोच्या डोंगरांत उतरणारे त्यांचे थवे पुष्कळ रोडावले, त्याचें हें एक मोठें कारण मानलें जातें. आतां तेथील लोक हेंच तण मुद्दाम बागेंत लावूं लागले आहेत.

आमच्या मतें 'तण' हा शब्द वनस्पतीपेक्षां माणसाच्या त्या त्या वेळच्या गरजेविषयीं अधिक सांगतो. सैनिकाची गरज सरकारला कळली. फुलपाखराची गरज मात्र कोणत्याच बाजारांत नोंदलेली नव्हती. आपल्याकडील रुईवरही मोनार्कचें एक भावंड अंडीं घालतें. बांधावरील रुईवर कोयता चालविण्यापूर्वीं आपण एवढें तरी आठवावें.