दोन देशांकडून खेळलेले तिघे

१६ ऑक्टोबर १९५२ रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातला पहिला कसोटी सामना सुरू झाला. पाकिस्तानचा तर हा पहिलाच कसोटी सामना होता. फाळणी होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. भारताचे कर्णधार होते लाला अमरनाथ, ज्यांचे क्रिकेट लाहोरच्या मैदानांवर घडले. पाकिस्तानचे कर्णधार होते अब्दुल हफीज कारदार, तेही लाहोरचेच. सहा वर्षांपूर्वी हेच कारदार इंग्लंडमध्ये भारताकडून तीन कसोटी खेळले होते.

त्या दिवशी मैदानावर आणखी दोन माणसे अशी होती, की ज्यांच्या आयुष्यात दोन्ही देशांचे क्रिकेट लिहिले गेले. पाकिस्तानच्या संघात अमीर इलाही होते, जे पूर्वी भारताकडून कसोटी खेळले होते. भारताच्या संघात गुल मोहम्मद होते, जे पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळणार होते. भारत आणि पाकिस्तान अशा दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू इतिहासात तीनच आहेत, आणि ते तिघेही त्या सामन्यात एकाच मैदानावर होते. दोघे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. या तिघांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर फाळणी नावाची गोष्ट माणसांच्या आयुष्यात कशी उतरली, हे पुष्कळ समजते, असे आम्हांला वाटते.

प्रथम कारदार. जन्म १९२५ चा, लाहोरचा. १९४६ मध्ये थोरल्या नवाब पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात हा तरुण डावखुरा खेळाडू होता. तेव्हाच्या धावफलकांवर त्यांचे नाव फक्त अब्दुल हफीज असे आहे. दौरा संपल्यावर ते ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकायला राहिले, पुढे वॉरिकशायर परगण्याकडूनही खेळले. म्हणजे ऑगस्ट १९४७ मध्ये देश दुभंगला तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. एका देशातून निघालेला माणूस परतला तेव्हा त्याचे घर दुसऱ्या देशात गेले होते. घर मात्र जागचे हललेले नव्हते. पाकिस्तानच्या पहिल्या २३ कसोटी सामन्यांत तेच कर्णधार होते. १९५४ मध्ये त्यांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला २४ धावांनी हरवले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे अमीर इलाही. हेही लाहोरचे, जन्म १९०८ चा. मध्यमगती गोलंदाज म्हणून सुरुवात करून पुढे ते लेगस्पिनर झाले. रणजी सामन्यांत बडोद्याकडून खेळले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते होते, पण कसोटीत उतरण्यासाठी त्यांना डिसेंबर १९४७ पर्यंत थांबावे लागले. तो सामना सिडनीचा. लाहोर तेव्हा पाकिस्तानात गेलेले होते आणि लाहोरचा हा गोलंदाज ऑस्ट्रेलियात भारताकडून खेळत होता. पाच वर्षांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते पाकिस्तानच्या संघातून भारतात आले आणि मालिकेतले पाचही कसोटी सामने खेळले. मद्रासच्या सामन्यात त्यांनी झुल्फिकार अहमद यांच्या साथीने शेवटच्या गड्यासाठी १०४ धावा जोडल्या. त्यात इलाहींचा वाटा ४७ धावांचा होता.

तिसरे गुल मोहम्मद. यांची गोष्ट सर्वांत लांब आणि आमच्या मते सर्वांत बोलकी. जन्म १९२१ चा, पुन्हा लाहोरचाच. अंगाने लहानखुरे, डावखुरे फलंदाज आणि कव्हरला विलक्षण चपळ. मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, बडोदा विरुद्ध होळकर. चौथ्या गड्यासाठी गुल मोहम्मद आणि सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल ३१९, हजारे २८८. ते दिवस कोणते होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पंजाबात दंगलींचा वणवा पेटला होता, आणि लाहोरचा एक मुसलमान व सांगलीचा एक ख्रिस्ती मराठी माणूस बडोद्याच्या मैदानावर तासन् तास एकमेकांच्या हाकेवर धावत होते. एकाने ‘या’ म्हटले की दुसऱ्याने निघायचे, विचारपूस नाही. भागीदारी अशाच भरवशावर चालते. कुठल्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम पुढे ५९ वर्षे टिकला. २००६ मध्ये कोलंबो येथे संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून तो मोडला.

फाळणीनंतर गुल मोहम्मद ताबडतोब गेले नाहीत. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते पाचही कसोटी भारताकडून खेळले. पुढे बडोदा सोडून हैदराबादकडून रणजी खेळले. १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटींत भारताच्या बाजूने उतरले. त्यानंतर ते लाहोरला परतले आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये कराचीत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पाकिस्तानकडून आपला एकमेव सामना खेळले. कर्णधार होते कारदार. पाकिस्तानने विजयासाठीच्या ६९ धावा एक गडी गमावून केल्या, तेव्हा गुल मोहम्मद २७ धावांवर नाबाद होते. भारताकडून आठ कसोटी, पाकिस्तानकडून एक. १९९२ मध्ये लाहोरातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

नकाशावरची रेघ काही आठवड्यांत ओढली गेली. गुल मोहम्मद यांच्या आयुष्यात ती ओढली जायला आठ-नऊ वर्षे लागली.

या तिघांच्या भोवती आणखी कितीतरी नावे उभी आहेत. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत पहिल्याच डावात पाच बळी घेणारे मोहम्मद निसार पाकिस्तानात स्थायिक झाले. त्याच सामन्यात खेळलेले जहांगीर खान यांचे चिरंजीव माजिद खान पाकिस्तानचे कर्णधार झाले. वजीर अली भारताकडून खेळले, त्यांचा मुलगा खालिद वजीर पाकिस्तानकडून. मुंबईचे के. सी. इब्राहिम १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून चार कसोटी खेळले आणि १९५० मध्ये कराचीला गेले.

फजल महमूद यांची हकिगत तर आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली होती आणि ऑगस्टमध्ये ते सराव शिबिरासाठी पुण्यात होते. तेथून मुंबईला निघालेल्या गाडीत काही माथेफिरू त्यांच्या जिवावर उठले. सोबत सी. के. नायडू होते. नायडूंनी बॅट उगारली आणि त्यांना मागे हटवले. ही आठवण खुद्द फजल यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. लाहोरला पोहोचल्यावर फजल यांनी दौऱ्याचा विचार सोडला. १९५२ मध्ये लखनौच्या कसोटीत याच फजल यांनी १२ बळी घेऊन भारताला हरवले. नायडूंनी वाचवलेला गोलंदाज भारताविरुद्ध जिंकला, पण म्हणून नायडूंचे ते कृत्य चुकीचे ठरत नाही. उलट ते अधिक मोठे होते.

आणि जे इथेच राहिले, तेही विसरता कामा नयेत. इंदूरचे मुश्ताक अली यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा केल्या. परदेशात भारतीयाने केलेले ते पहिले कसोटी शतक. ते इंदूरचेच राहिले आणि २००५ मध्ये तेथेच वारले. हैदराबादचे गुलाम अहमद भारताकडून २२ कसोटी खेळले, भारताचे कर्णधार झाले. दिल्लीच्या त्याच १९५२ च्या सामन्यात त्यांनी पुण्यात जन्मलेल्या हेमू अधिकारी यांच्या साथीने शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या आणि स्वतः ५० केल्या. भारताने तो सामना डावाने जिंकला. या गुलाम अहमद यांचे भाचे आसिफ इक्बाल १९६१ मध्ये पाकिस्तानला गेले आणि १९७९-८० मध्ये पाकिस्तानचे कर्णधार म्हणून भारतात आले. मामा एका देशाचे कर्णधार, भाचा दुसऱ्या देशाचा.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. भारत-पाकिस्तान सामना जवळ आला, की मोहल्ल्यातल्या पोरांना बाहेर कुठेतरी एक प्रश्न विचारला जातो, थट्टेने किंवा थट्टेचे निमित्त करून: ‘तुम्ही कोणाच्या बाजूने?’ मुले तो प्रश्न वर्गात घेऊन येतात. झहीर खान श्रीरामपूरचा, हे त्यांना ठाऊक असते. पण गुलाम अहमद, मुश्ताक अली ही नावे त्यांनी ऐकलेली नसतात. अशा वेळी नुसती समजूत घालून भागत नाही, हाती इतिहास द्यावा लागतो.

तो इतिहास आम्हांला असा दिसतो. निसार, कारदार, गुल मोहम्मद लाहोरचे राहिले. मुश्ताक अली इंदूरचे आणि गुलाम अहमद हैदराबादचे राहिले. इब्राहिम आणि आसिफ यांनी मात्र हिजरत केली. घर, रोजगार, आप्तस्वकीय, भीती, उमेद, प्रत्येकाची कारणे वेगळी. पण ज्या दिवशी ज्या संघात उतरले, त्या दिवशी त्या संघासाठी जीव तोडून खेळले. वफादारी मैदानावर अशीच मोजतात, आणि मैदानाबाहेरही तिची परीक्षा सामन्याच्या दिवशी टाळ्या मोजून होत नसते. जो इथे राहिला, इथल्या मातीत कष्ट करतो आणि इथेच दफन होतो, त्याने उत्तर केव्हाच दिलेले असते. मुलांना हे सांगितले, की ती खाली मान घालून बसत नाहीत. पुढचे नाव विचारतात.

फाळणीत जमिनी, सैन्य, खजिना, कचेऱ्यांतल्या खुर्च्यासुद्धा वाटल्या गेल्या. ५७७ धावांची मात्र वाटणी करता आली नाही. त्यातल्या ३१९ लाहोरला आणि २८८ सांगलीला, असा हिशेब लावायला गेलो तर बेरीजच ६०७ भरते. कारण ती भागीदारी सुरू झाली तेव्हा हजारे आपल्या काही धावा आधीच करून बसले होते. कोणाच्या किती, हे एकट्या-एकट्याच्या आकड्यांवरून लागत नाही. धावफलकावर ती दोन नावे आजही एकाखाली एक छापलेली आहेत.