एक सर्व्हर, अनेक संसार : प्रस्तावना

महिन्याला शे-दीडशे रुपयांत संकेतस्थळाला जागा मिळते, तेव्हा ती एकट्याची नसते हे उघड आहे. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि बहुतेकदा आयपी पत्तासुद्धा सगळ्यांत मिळून एक. हेच शेअर्ड होस्टिंग. ते समजावताना चाळीचा दाखला हटकून दिला जातो : खोली आपली, नळ सामाईक. दाखला वाईट नाही, पण एका ठिकाणी फसतो. चाळीत नळ कोण अडवून बसले आहे ते दिसते, त्याच्याशी भांडता येते. इथे शेजारी कोण, किती आणि त्यांचे काय चालले आहे, यातले काहीच कळत नाही. म्हणून या विषयात शिरताना एकच प्रश्न धरून ठेवावा : आपण काय काय वाटून घेतले आहे, आणि त्यात आपला वाटा किती? प्लॅनच्या जाहिरातीत याचे उत्तर क्वचितच सापडते.

ही वाटणी शक्य झाली ती एका ओळीमुळे. वेबच्या सुरुवातीच्या काळात ब्राउझर सर्व्हरकडे नुसते पान मागत असे. कोणत्या संकेतस्थळाचे, ते सांगत नसे. साहजिकच प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा आयपी पत्ता लागे, आणि आयपीव्ही४ मध्ये पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चे मानक प्रसिद्ध झाले आणि 'होस्ट' ही ओळ सक्तीची झाली. ब्राउझर या ओळीत डोमेनचे नाव पाठवतो. अपाचेसारखा सर्व्हर ते नाव आपल्या यादीत शोधतो आणि त्या नावाला नेमून दिलेले फोल्डर उघडतो. नाव सापडले नाही, तर अपाचे यादीतले पहिले संकेतस्थळ दाखवून मोकळा होतो. डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवले, पण तिथल्या खात्यात जोडायचे राहून गेले, की आपल्या नावाखाली भलतेच पान दिसते ते यामुळे. २०१४ पासून मिळू लागलेली देवनागरी '.भारत' डोमेनेही याच वाटेने जातात. त्या ओळीत त्यांचे रूप मात्र रोमन अक्षरांतले, सांकेतिक असते.

एचटीटीपीएसने पुन्हा तोच पेच उभा केला. जोडणी सांकेतिक होते ती 'होस्ट'ची ओळ पोहोचण्याआधी. मग प्रमाणपत्र कोणाचे दाखवायचे? नाव आधीच कळवण्याची सोय, म्हणजे एसएनआय, २००३ मध्ये मानकात आली, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती शेवटपर्यंत समजली नाही. त्यामुळे संकेतस्थळाचे मालक कित्येक वर्षे निव्वळ प्रमाणपत्रापायी स्वतंत्र आयपी पत्त्याचे पैसे भरत राहिले. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'ची प्रमाणपत्रे सर्वांना फुकट मिळू लागली. साध्या प्रमाणपत्रासाठी आजही कोणी वेगळे बिल लावत असेल, तर कशाचे ते जरूर विचारावे.

आता वाट्याचा हिशेब. 'अनलिमिटेड' हा शब्द बहुतेक वेळा डिस्क आणि बँडविड्थपुरता असतो. खरी अडवणूक इतरत्र होते. समजा, आपल्या खात्याला एका वेळी २० पीएचपी प्रक्रियांची मुभा आहे. एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला ४० पाने निघतात, आणि एवढी गर्दी लहान व्यवसायाच्या वाट्याला सहसा येत नाही. पण एखाद्या जड प्लगइनमुळे तेच पान चार सेकंद घेऊ लागले, तर सेकंदाला पाचच पाने. दिवाळी अंकाची नोंदणी सुरू झाल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला, की एवढ्यातच रांग लागते आणि क्लाउडलिनक्स असलेल्या सर्व्हरवर '५०८' ची त्रुटी झळकते. लोक होस्टिंगवाल्याला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष प्लगइनचा असतो. कॅशे लावली, तर तयार पान पीएचपीला न उठवताही देता येते.

दुसरी मर्यादा आयनोडची, म्हणजे ढोबळमानाने फायलींच्या संख्येची. वर्डप्रेसवर एक फोटो चढवला की त्याच्या लहानमोठ्या अनेक प्रती तयार होतात. त्याच खात्यावर ईमेल असेल, तर बहुतेक सर्व्हरवर प्रत्येक पत्र ही एक वेगळी फाईल. डिस्क अर्धी रिकामी असताना 'जागा संपली' असा निरोप आला, की आधी जुन्या मेलबॉक्सकडे पाहावे.

ईमेलची गोष्ट जास्त नाजूक. त्याच आयपीवरून एखाद्या शेजाऱ्याने स्पॅम पाठवला आणि तो पत्ता काळ्या यादीत गेला, की आपले बिलही ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडते. आपण काहीच केलेले नसते. व्यवसायाचे ईमेल वेगळ्या सेवेवर ठेवावे, हे मी आग्रहाने सांगेन. बॅकअपची एक प्रतही सर्व्हरबाहेर हवी. त्याच खात्यात ठेवलेली प्रत खात्याबरोबरच बुडते.

पुढील प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. ज्यांचे संकेतस्थळ आज चालू आहे, त्यांनी आधी कंट्रोल पॅनेलमधला संसाधनांच्या वापराचा आलेख उघडावा. मर्यादा फक्त पहाटे, बॅकअपच्या वेळी गाठली जात असेल, तर ती वेळ बदलून किंवा बॅकअप हलका करून बघावे. कॅशे लावूनही दिवसभर गाठली जात असेल, तर व्हीपीएसचा विचार करण्याची वेळ आली आहे. मात्र स्वतः सांभाळायचा व्हीपीएस घेतला, की अपडेट, फायरवॉल आणि मध्यरात्री बंद पडलेला डेटाबेस हे सगळे आपल्याच गळ्यात येते. त्या खर्चाचा आणि वेळेचा हिशेब शेवटच्या प्रकरणात मांडला आहे.