सुंदरीची वही

आमच्या धाकट्या सुनेचा बी.कॉम.चा एकच पेपर राहिला होता, गणिताचा. बाकी सगळे विषय सुटले, पण पहिल्याच वर्षाचा हा पेपर शेवटपर्यंत मागे राहिला. मध्ये लग्न झालं, बाळंतपण झालं, नातू अंगणवाडीत जाऊ लागला. कॉलेजची अट सरळ होती. ठरावीक मुदतीत राहिलेला पेपर सोडवला तर पदवी, नाहीतर तीन वर्षं केलेलं सगळं अर्धवट.

श्रावणातली संध्याकाळ होती. कुंभारवाड्यातला पाऊस म्हणजे दिवसच काय, आठवडाही कळू देत नाही. सूर्य दिसत नसला तरी घड्याळ बघून सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकली होती. भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, "आई, यंदा फॉर्म भरू का? मुदत संपत आलीय."

मी म्हटलं, "राहू दे ग आता. दुकानाचा हिशेब तर तू करतेसच. कागद घेऊन काय करायचंय?"

ती काही बोलली नाही. भांडी पालथी घालून आत गेली.

हे मी मुद्दाम आधी सांगते. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून मला कुणी शहाणी समजू नये. घरात 'राहू दे' म्हणणारी पहिली व्यक्ती मीच होते. आणि मला तरी कुठं नवीन होतं ते? मी बेळगावकडच्या एका मराठी शाळेत दहावी झाले. बीजगणिताच्या तासाला फळ्यावर अक्षरं आली की माझ्या पोटात गोळा यायचा. आकड्यांशी माझं भांडण नव्हतं, पण आकड्यांच्या जागी अक्षरं कशाला? विचारलं तर सर म्हणाले, "मुलींनी आर्ट्सला जावं. तिकडे हे नसतं." घरी सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, आणि गणितातून सुटले म्हणून आनंदात राहिले.

त्याच चातुर्मासात बेळगावला माहेरी गेले होते. मंदिरात आदिपुराणावर प्रवचन चाललं होतं. महाराजांनी ऋषभदेवांच्या दोन मुलींची कथा सांगितली. ब्राह्मी आणि सुंदरी. आपल्यापैकी प्रत्येकीनं ती लहानपणी ऐकलेली असते. पित्यानं दोघींना जवळ घेतलं. उजव्या हातानं ब्राह्मीला लिपी शिकवली, डाव्या हातानं सुंदरीला अंक शिकवले. अंकांची स्थानं उजवीकडून डावीकडे मोजायची, एकं, दहं, शतं, याची खूणही परंपरा तिथंच सांगते.

शंभर वेळा ऐकलेली कथा. पण त्या दिवशी माझ्या मनात भांडी पालथी घालणारी सून उभी राहिली. जगातलं पहिलं गणित आपल्या परंपरेनं एका मुलीच्या पाटीवर लिहून ठेवलं, आणि मी माझ्या घरातल्या मुलीला म्हटलं, राहू दे.

आता इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. पुराण म्हणजे इतिहास नव्हे. पण पुराण कुणी, कधी लिहिलं, हा मात्र इतिहास असतो. आदिपुराण लिहिलं आचार्य जिनसेनांनी, नवव्या शतकात. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानत असे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. जिनसेन ऋषभदेवांच्या तोंडी मुलींसाठी जे घालतात त्याचा मतितार्थ असा: विद्येनं पुरुषाला जाणत्यांमध्ये मान मिळतो, तसं विद्येनंच स्त्री स्त्रियांमध्ये अग्रस्थानी पोचते. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या एका मुनीला मुलींना शिकवणं हे आदर्श पित्याचं काम वाटलं, एवढं तर कागदावर आहे. घराघरांत तसं घडत होतं असं मी म्हणत नाही. घडत असतं तर बहुधा एवढं समजावून लिहावंच लागलं नसतं.

आणि योगायोग बघा. त्याच अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. आरंभीच अमोघवर्षाची स्तुती आहे. त्याआधीचं गणित बहुतेक ज्योतिषाच्या ग्रंथांत एखाद्या अध्यायाच्या रूपानं येई. हा ग्रंथ मात्र फक्त गणिताचा. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, खड्ड्यांचं घनफळ, सावलीवरून उंची, सगळं एका जागी. पहिल्या प्रकरणात गणित कुठं कुठं लागतं याची यादी आहे. अर्थशास्त्र, संगीत, नाटक, वैद्यक, वास्तुविद्या, आणि त्यातच सूपशास्त्र. सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाक! बायांनो, आपली चूल त्या यादीत आहे.

दक्षिणेत हा ग्रंथ पुढं बराच फिरला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनानं तो तेलुगूत नेला. बाराव्या शतकात राजादित्य या जैन पंडितानं कन्नडमध्ये 'व्यवहारगणित' लिहिलं. मग शतकानुशतकं हा ग्रंथ पोथ्यांत पडून राहिला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एम. रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह तो १९१२ साली छापला. १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैनांच्या हिंदी अनुवादासह तो निघाला. सोलापूर! म्हणजे आपल्या पाहुण्यारावळ्यांच्या गावातून.

कुंभारवाड्याला परत आले ती सरळ सुनेकडे गेले. म्हटलं, "फॉर्म भर. आणि तुला अडतं कुठं ते मला दाखव."

तिनं वही काढली. तेव्हा कळलं की तिला गणित येत होतं. अडत होती ती भाषा. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. चल, सहगुणक, समीकरण, वर्गमूळ हे सगळं तिला पाठ. कॉलेजात तेच व्हेरिएबल, कोइफिशंट, इक्वेशन होऊन आलं. वर्गात कन्नडमधून समजावत, पुस्तक इंग्रजी, आणि डोक्यात मराठी. आपल्या भागात हे नवं नाही. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. सरकारं बदलली, पाट्या बदलल्या, पण चुलीपाशी मराठी-कोंकणीच राहिली. मुलांनी मात्र दर परीक्षेला नवा उंबरठा ओलांडायचा.

गणित मला येत नव्हतं, पण शब्द माझ्या हातातले होते. आम्ही दोनशे पानी वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी, खाली तिनं स्वतःच्या भाषेत अर्थ. वहीवर तिनंच नाव घातलं, 'सुंदरी'.

आणि मग पस्तीस-चाळीस वर्षांचा माझा जुना प्रश्न मी विचारला. आकड्यांच्या जागी अक्षर का? त्याचं उत्तर मला जुन्या शब्दातच सापडलं. आपल्या स्थानांगसूत्रात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. त्यातला एक 'यावत्-तावत्'. जितकं-तितकं. जी संख्या अजून माहीत नाही तिला आपले जुने गणिती याच नावानं हाक मारत. पुढं भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात एकाहून जास्त अज्ञात संख्या आल्या तर रंगांची नावं वापरली, काळा, निळा, पिवळा, आणि त्यांची आद्याक्षरं लिहिली. म्हणजे आमच्या सरांच्या फळ्यावरचं ते परकं अक्षर मुळात एवढंच होतं: 'जितकं असेल तितकं'.

आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे? पुरणपोळीची कृती लिहिताना आपण काय लिहितो? मीठ चवीपुरतं, पाणी लागेल तितकं. लागेल तितकं हेच ते! आकडा माहीत नसतो, पण त्याच्यावाचून आपण थांबत नाही. डाळ किती, पातेलं केवढं, यावरून तो शेवटी हाताला कळतोच. बीजगणित तेच करतं, फक्त लिहून.

महावीराचार्यांचं एक उदाहरण मी तिला घातलं. ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची मिळून किंमत १०७. ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची १०१. तर एकेकाची किंमत किती? आचार्यांची रीत अशी: मोठी रक्कम मोठ्या संख्येनं गुणा, १०७ गुणिले ९ म्हणजे ९६३. लहान रक्कम लहान संख्येनं, १०१ गुणिले ७ म्हणजे ७०७. वजाबाकी २५६. आता ९चा वर्ग ८१, ७चा वर्ग ४९, वजाबाकी ३२. २५६ला ३२नं भागलं की ८. महाळुंग ८ला, मग कवठ ५ला.

सुनेनं ते बघितलं आणि म्हणाली, "आई, याहून सोपं आहे. दोन्ही बाजार एकत्र करा. १६ महाळुंगं, १६ कवठं, २०८ रुपये. म्हणजे एक-एकची जोडी १३ला. आता पहिल्या बाजारातून दुसरा वजा करा. २ महाळुंगं २ कवठांपेक्षा ६नं महाग, म्हणजे एकात ३चा फरक. बेरीज १३, फरक ३. झालं, ८ आणि ५."

मी दोनदा मोजून बघितलं. बरोबर होतं. मला पहिल्यांदा एखादं समीकरण सुटताना दिसलं, आणि तेही सुनेच्या तोंडून.

पुढं आम्ही लॉगॅरिदमपाशी अडलो. तिथं आचार्य वीरसेन धावून आले. हे जिनसेनांचे गुरू. नवव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' अशी कल्पना आहे, म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते. ३२ वड्यांचं ताट घ्या. १६, ८, ४, २, १. पाच वेळा निम्मं झालं, म्हणून ३२चे अर्धच्छेद ५. आजचा दोन पायाचा लॉगॅरिदम तो हाच. धवलेच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्रीला जपल्या गेल्या, आणि पहिला खंड छापून निघाला १९३९ साली अमरावतीहून.

मोठी माणसंही चुकतात, हेही मी तिला सांगितलं. महावीराचार्य म्हणतात, शून्यानं भागलं तरी संख्या तशीच राहते. आज शाळकरी पोरही सांगेल, तसं नसतं. पण ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हे मात्र त्यांनी स्वच्छ ओळखलं. एका चुकीनं ग्रंथ बाद होत नाही, तर एका पेपरानं माणूस कसं बाद होईल?

घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारलंच, बाईमाणसाला एवढं गणित कशाला? मी त्यांना आपल्याच जिल्ह्याचं उत्तर दिलं. सोळाव्या शतकात गेरसोप्प्याला चेन्नभैरादेवी राज्य करत होती. जैन राणी. सह्याद्रीतली मिरी तिच्या बंदरांतून जात आणि पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. मिरीची वेल आजही आपल्या परसात झाडावर चढते. तो व्यापार, ते किल्ले, ती जकात काय बेरजेवाचून चालली असेल?

धोंडो केशव कर्व्यांचीही आठवण झाली. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारा हा माणूस त्याआधी वर्षानुवर्षं फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होता. त्यांच्या विद्यापीठानं मातृभाषेतून उच्च शिक्षण दिलं, हे मला आता जास्त कळतं. आमच्यासारख्या घरांपर्यंत मात्र त्यातली शिवण-स्वयंपाकाची कीर्ती पोचली. गणिताचे प्राध्यापक वाटेत कुठं राहिले कोण जाणे.

परीक्षा दांडेलीला होती. पहाटेची एसटी, धुकं, मांडीवर वही. मी नातवाला घेऊन बाहेर झाडाखाली बसले. पहिल्या वेळी चार गुणांनी पेपर गेला. त्या रात्री घरात कुणी काही बोललं नाही. सकाळी तिनं मला विचारलं नाही आणि मी तिला सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मी गल्ल्यातून काढून वहीत ठेवले. दुसऱ्या वेळी सुटला. ४६ गुण. पेढे मी केले, खवा किती आणि साखर लागेल तितकी.

मैत्रिणींनो, ग्रंथभांडारात शास्त्रं जपली म्हणून आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण सुंदरीची पाटी भांडारात ठेवायची वस्तू नव्हे. उद्या तुमच्या घरात कुणी भांडी विसळता विसळता विचारील, फॉर्म भरू का? तेव्हा माझ्यासारखं पटकन बोलू नका. आधी तिची वही मागा.