न ठरलेला किनारा: हंबोल्ट आणि व्हॅलेन्सियाचे सरोवर

व्हेनेझुएला हा देश आलेक्झांडर फॉन हंबोल्टच्या प्रवासाच्या आराखड्यात नव्हताच. या प्रशियन निसर्गवैज्ञानिकाला आधी कॅप्टन बोदँच्या फ्रेंच मोहिमेबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला जायचे होते, पण ती लांबणीवर पडली. मग एमे बाँप्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला सोबत घेऊन मार्सेय बंदरातून उत्तर आफ्रिकेत उतरायचे ठरले. तेही जमले नाही. तेव्हा दोघे स्पेनकडे वळले. 1799 च्या वसंतात अरांखुएझच्या दरबारात हंबोल्टने राजा चौथा कार्लोस याची भेट घेतली आणि स्पॅनिश अमेरिकेत मोकळेपणी हिंडण्याचा, मोजमापे करण्याचा परवाना मिळवला. परक्यांना आपल्या वसाहतींत सहसा पाऊल ठेवू न देणाऱ्या सत्तेने असा परवाना द्यावा, हे नवलच होते. खाणकामातले हंबोल्टचे ज्ञान दरबाराला उपयोगी वाटले असावे, शिवाय खर्च तो स्वतःच करणार होता. आईच्या मृत्यूनंतर त्याच्या वाट्याला बरीच संपत्ती आली होती.

5 जून 1799 रोजी ‘पिसारो’ हे जहाज ला कोरुन्या बंदरातून इंग्रजी गस्ती जहाजांना चुकवून निघाले. जायचे होते क्यूबाला आणि तिथून मेक्सिकोला. अटलांटिक ओलांडताना जहाजावर तापाची साथ पसरली. किनारा दिसू लागला असतानाच आस्तुरियासचा एक एकोणीस वर्षांचा तरुण दगावला. घाबरलेल्या उतारूंनी मिळेल त्या पहिल्या बंदरात उतरण्याचा निर्णय घेतला आणि 16 जुलै रोजी हंबोल्ट व बाँप्लाँ व्हेनेझुएलातल्या कुमाना येथे किनाऱ्यावर उतरले. ताप आला नसता तर ओरिनोको नदी आपण पाहिलीच नसती, असे त्याने पुढे प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

या अनोळखी मुलखातला पहिला शिक्षक किनारा गाठण्याआधीच भेटला होता. ग्वायकेरी जमातीचे काही जण होड्यांतून जहाजापाशी आले. त्यांच्यातल्या कार्लोस देल पिनो याने डेकवरच तिथल्या झाडांची आणि प्राण्यांची माहिती सांगायला सुरुवात केली. पुढे कित्येक महिने तो वाटाड्या म्हणून सोबत राहिला. राजाच्या परवान्याने दारे उघडली हे खरे, पण दारांपलीकडचा प्रदेश समजला तो अशा माणसांमुळे.

कुमानाने वेगळाही धडा दिला. मुक्कामाच्या घरासमोरच्या चौकात गुलामांचा बाजार भरे. आफ्रिकेतून आणलेल्या तरुणांच्या अंगाला खोबरेल तेल चोळून ते तुकतुकीत करत, आणि गिऱ्हाईक घोड्याचे पाहावेत तसे त्यांचे दात तपासत. गुलामगिरीविषयीची हंबोल्टची चीड तिथून आयुष्यभर टिकली. क्यूबावरच्या 1826 मधल्या ग्रंथात तिला आकड्यांची जोड मिळाली.

मुक्कामात 4 नोव्हेंबरला भूकंप झाला आणि साधारण आठवडाभराने रात्री उल्कांचा वर्षाव दिसला. पुढे काराकास, मग दक्षिणेकडे यानोसची गवताळ मैदाने, काळाबोसोचे विजेचा झटका देणारे मासे, ओरिनोको आणि तिला आमेझॉनच्या खोऱ्याशी जोडणारी कासिकियारे नदी असा प्रवास 1800 च्या पूर्वार्धात झाला. यातले रोमांचक भाग पुन्हा पुन्हा सांगितले जातात. पुढच्या काळावर सर्वांत खोल ठसा मात्र वाटेतल्या एका सरोवराने उमटवला, आणि तिथे कसलेही साहस नव्हते.

व्हॅलेन्सियाचे सरोवर, म्हणजे जुने ताकारिग्वा, आराग्वाच्या सुपीक खोऱ्यात आहे. हंबोल्ट तिथे पोचला फेब्रुवारी 1800 मध्ये. पाणी ओसरत चालल्याची चिंता लोकांना लागली होती. ओसरलेल्या काठावर शेते उभी राहत होती आणि काही वर्षांपूर्वी पाण्यातून नवी बेटे वर आली होती. तळाला कुठेतरी भुयारी वाट असून तिच्यातून पाणी निसटते, असा स्थानिकांचा समज होता. इतिहासकार ओव्हिएदो इ बान्योस याने 1723 च्या ग्रंथात 1555 साली वसलेले नुएव्हा व्हॅलेन्सिया शहर सरोवरापासून अर्ध्या लीगवर असल्याचे नोंदवले होते. हंबोल्टला हेच अंतर त्याहून बरेच जास्त, पाच किलोमीटरांच्या वर भरले.

भुयाराची गरज त्याला वाटली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यात नीळ, ऊस आणि कापूस यांचे मळे झपाट्याने वाढले होते. ओढ्यांचे पाणी पाटांनी शेतांत वळवले गेले. डोंगरउतारांवरची झाडे तुटली, तेव्हा पावसाचे पाणी मुरायचे थांबले. ते उघड्या मातीवरून धावत सुटे, पूर आणी आणि उन्हाळ्यात झरे आटवी. बाहेर वाट नसलेल्या या सरोवरात बाष्पीभवनाने जाणारे पाणी भरून निघेना. पाण्याची अशी वळवावळव आणि निष्काळजी तोड यांचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर होतो, हा निष्कर्ष त्याने प्रवासवर्णनाच्या 1819 मधल्या खंडात मांडला. माणूस हवामान आणि पाणी बदलू शकतो, हे त्याआधीही काहींनी म्हटले होते. इथे मात्र शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, जुन्या इतिहासातली नोंद आणि स्वतःची मोजमापे यांची सांगड प्रथमच इतकी नीट बसली.

पडताळणीचीही वेळ आली. 1822 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बूसँगो तिथे पोचला, तेव्हा तीच माणसे वाढत्या पाण्याची तक्रार करत होती! जुनी शेते बुडाली होती, बेटे पुन्हा उथळ पाण्याखाली जात होती. मधल्या दोन दशकांत स्वातंत्र्ययुद्ध झाले होते. गुलाम मळे सोडून सैन्यात गेले होते, पाट ओस पडले होते आणि उतारांवर रान पुन्हा माजले होते. बूसँगोने 1837 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

त्या लेखनाची पोच हिंदुस्थानापर्यंत गेली. हंबोल्टला स्वतःला इथे यायचे होते, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. कंपनीच्याच डॉक्टरांनी मात्र त्याचे विचार उचलले. मद्रासमध्ये एडवर्ड बाल्फोरने जंगल आणि पावसाच्या संबंधावर लिहिताना हंबोल्ट व बूसँगो यांचा आधार घेतला. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन कोकणातल्या झाडतोडीने झरे आटत असल्याचे सरकारला बजावत राहिला आणि 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमला गेला. या वनखात्यांनी पुढे जंगल राखण्याच्या नावाखाली गावकऱ्यांचे हक्क आवळले. हंबोल्टच्या विवेचनातले गुलाम आणि मळेवाले तिथे पोचलेच नाहीत. झाड आणि पाऊस एवढेच पोचले.

सरोवराची पातळी विसाव्या शतकात पुन्हा बरीच उतरली. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून चित्र उलटले, कारण वाढती शहरे आणि कारखाने यांच्यासाठी शेजारच्या खोऱ्यांतून आणलेले पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी म्हणून याच बंद खोऱ्यात येऊ लागले. सरोवराकाठच्या माराकाय शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरू लागले, आणि तिथल्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली.