वेळ जातो कुठे?

प्रोग्राम नेमका कुठे रेंगाळतो, याबद्दल तो लिहिणाऱ्याचाच अंदाज हमखास चुकतो. डोनाल्ड नुथ यांनी १९७१ साली फोरट्रान प्रोग्रामांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारणपणे चार टक्क्यांहूनही कमी कोड निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे तीत आढळले. ते चार टक्के हुडकून काढण्याची विद्या म्हणजे प्रोफायलिंग. १९८२ मध्ये बर्कलीचे जीप्रोफ आले, २०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांचा फ्लेम ग्राफ. तो इतिहास रंजक आहे, पण वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने सुरुवात त्याहून जवळून करावी: स्वतःच्या लॅपटॉपवरून, कोड लिहिता लिहिता.

जँगोमध्ये पन्नास पुस्तकांची यादी दाखवणारे एक पान घ्या. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचे नाव छापले आहे. ओळ दिसायला निरुपद्रवी. डीबग टूलबार बसवा, पान पुन्हा उघडा आणि उजवीकडच्या पट्टीत एसक्यूएलवर क्लिक करा. पुस्तकांची एक क्वेरी, आणि मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एकेक, अशा एकूण एक्कावन्न! ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावले की जॉइन होऊन एकच उरते. रेल्समध्ये हाच रोग ‘बुलेट’ नावाचे जेम दाखवून देते.

आकड्यांत मात्र डावे-उजवे करावे लागते. लॅपटॉपवरच्या मिलिसेकंदांवर माझा फारसा भरवसा नाही. तिथे डेटाबेस त्याच यंत्रावर असतो, शिवाय मोजमाप करणारे साधनही आपला वेळ त्यात मिसळते. क्वेरींची संख्या मात्र सहसा दगा देत नाही. इथल्या एक्कावन्न सर्व्हरवरही एक्कावन्नच.

ही साधने डेव्हलपमेंटपुरतीच ठेवावीत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. टूलबार सेटिंग्ज आणि क्वेरी उघड्यावर मांडतो. शिवाय डीबग चालू असताना जँगो धावलेल्या क्वेरी मेमरीत साठवून ठेवतो.

या वाटेवर येणाऱ्याला गणिताची मोठी तयारी लागत नाही. कुतूहल आणि थोडी चिकाटी पुरते. फक्त मोजमापाला लागण्याआधी आपल्या टेबलांत काही लाख बनावट नोंदी भरून घ्याव्यात. वीस ओळींच्या टेबलावर इंडेक्स असला काय नि नसला काय, सारखेच.